दोन बेघर पाठवा, शक्यतो एक बाई

बेघरांवर अभ्यास करायचं मनात आलंय म्हणता? उत्तम. विषय माणुसकीचा आहे, त्याला निधी आहे, आणि लागणारी माणसं स्टेशनपासून पाच मिनिटांवर मिळतात. पळूनही जात नाहीत. हाकललं तर फार तर पुढच्या पुलाखाली जातात. एवढी सोय मुंबईत दुसऱ्या कुठल्या विषयाला नाही. तेव्हा चार गोष्टी सांगते, ऐकून ठेवा. मी बेघरांच्या कामात बरीच वर्षं आहे, आणि हल्ली अभ्यासकांना माणसं पुरवणं हाच माझा मुख्य धंदा होऊन बसला आहे.

सुरुवात आकड्याने करावी. आकडा 2011 च्या जनगणनेचा घ्यावा, सगळे तोच घेतात. देशात पावणेअठरा लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात दोन लाखांवर, मुंबईत साधारण 57 हजार. ही मोजणी एका रात्रीत उरकली होती, 28 फेब्रुवारीच्या. कुठे बघायचं याची यादी प्रगणकांना दिलेली होती: रस्त्याची कड, फुटपाथ, पुलाखालचा भाग, जिने, देवळांचे मंडप, फलाट, आणि ह्यूम पाइप, म्हणजे सिमेंटचे मोठे नळ. पाइपसुद्धा! म्हणजे माणसं कुठे कुठे झोपतात हे सरकारला अगदी नीट ठाऊक आहे. आता त्या रात्री जो मार्केटात गोण्या उतरवत होता आणि जी लग्नाच्या हॉलवर भांडी घासत होती, ते दोघे आपल्या जागेवर नव्हते. शिवाय रात्री वही घेऊन कोणी टॉर्च मारत आलं की निमूट उठून चालू पडायचं, हे फुटपाथवरचं पाच वर्षांचं पोरही शिकलेलं असतं. पण तुम्ही त्या भानगडीत पडू नका. आकडा टाका आणि पुढे चला.

त्याच जनगणनेत याच मुंबईत 4 लाख 79 हजार घरं रिकामी सापडली होती. हे दोन आकडे चुकूनही एका स्लाइडवर घेऊ नयेत. माणशी आठ घरं हा भागाकार चौथीतला मुलगा करू शकतो, आणि मग प्रश्नोत्तरांचा सगळा वेळ त्यातच जातो.

फोटो पावसात काढावेत. निळी ताडपत्री उठून दिसते.

प्रश्नावली लांबलचक असावी. टॅबलेटवर असेल तर आणखी छान, कारण मग समोरच्या बाईकडे बघावं लागत नाही. पहिला प्रश्न, ‘इथे का राहता?’ दुसरा, ‘गावी परत जावंसं वाटतं का?’ माझ्या ओळखीच्या एक मावशी भायखळ्याकडच्या एका फुटपाथवर राहतात. 72 च्या दुष्काळात जालन्याकडून आईच्या कडेवर बसून आलेल्या. त्यांना आजवर प्रत्येकाने हा दुसरा प्रश्न विचारला आहे. शेवटी त्या एका टॅबलेटवाल्या मुलीला म्हणाल्या, “अगं पोरी, गावात माझं कोण हाय? ज्याला ठावं व्हतं ते समदे मेले. तुझं गाव कंचं? तू जातीस का परत?” हे उत्तर टॅबलेटवरच्या चार पर्यायांत बसेना. मुलीने ‘सांगता येत नाही’वर बोट ठेवलं.

पैशांचं मात्र विचारू नये. विचारलंत तर कळेल की फुटपाथवर राहणं फुकट नसतं. संडासला जायचं तर माणशी पैसे, आंघोळीचे वेगळे, पाण्याचा हंडा विकत, मोबाइल चार्जिंगला पानवाल्याला पैसे, आणि ‘जागेचं’ भाडं कोणाला जातं ते आपण इथे बोलायला नको. पाच माणसांच्या कुटुंबाने दिवसातून किती वेळा संडासला जायचं, याचा हिशोब मावशींच्या सुनेला तोंडपाठ आहे. तुमच्या ‘शहरी गरिबीचे बहुआयामी मापन’मध्ये त्याला रकाना नाही.

संमतिपत्रावर अंगठा जरूर घ्यावा. पोटच्या पोरीचा दाखला मिळत नाही, रेशन कार्डातलं नाव गळून पडलेलं, पण तुमचं संमतिपत्र कसं तीन पानी, गुळगुळीत, तिच्या नावाचं! इतक्या वर्षांत कोणी आपणहून तिच्या नावाने केलेला एकच कागद, आणि तोही तुम्हीच घेऊन जाता.

आता मुख्य मुद्दा, ‘जगलेला अनुभव’. हल्ली त्याशिवाय परिसंवाद होत नाही. फोन येतो, “ताई, दोन बेघर मिळतील का? शक्यतो एक बाई. आणि थोडं बोलणारी असेल तर...” पाहुणी म्हणून बोलवा, अभ्यासाचा दर्जा वाढतो. गेल्या महिन्यात दक्षिण मुंबईतल्या एका एसी हॉलमध्ये असाच एक दिवसभराचा कार्यक्रम होता. मी मावशींना विचारलं. त्या लसूण सोलायचं काम करतात, किलोवर पैसे. दिवस बुडणार होता, तरी आल्या. नवी साडी नेसून, केसांना तेल लावून, प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी कागदपत्रं घेऊन.

गेटवर वॉचमन म्हणाला, आधार दाखवा.

मावशींनी झेरॉक्स काढली, लॅमिनेट केलेली. वॉचमन म्हणाला, ओरिजिनल पाहिजे. ओरिजिनल कुठून येणार? पावसाळ्याआधी एका सकाळी महापालिकेची गाडी आली आणि बोचकं गाडीत गेलं. भांडी, गोधडी, नातवाची वह्या-पुस्तकं, आणि त्यात ते कार्ड. ज्यांनी गाडी बघितली आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही बघितली त्यांना सांगून समजायचं नाही. नवं काढायचं तर मोबाइल नंबर जोडलेला हवा, तो नंबर मुलाचा, आणि मुलाने सिम बदललेलं. केंद्रावर गेलं की पत्त्याचा पुरावा आणा. पत्त्याचा पुरावा! आतमध्ये त्या वेळी कुठलं सत्र चालू होतं माहीत आहे? ‘ओळखीचे पुरावे आणि शहरी वंचितता’. मी दाराशी आयोजकांना फोनवर फोन लावतेय, आणि आतून माइकवर कोणीतरी बाई सांगतेय की कागदपत्रांअभावी बेघर माणूस व्यवस्थेच्या दाराबाहेर राहतो. बाहेरच उभा होता तो माणूस! नवी साडी नेसून! वॉचमनवर राग नाही माझा. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. सांगणाऱ्यांना एवढं सुचू नये, की आपण बोलावतोय कोणाला?

शेवटी कोणाची तरी सही घेऊन आत सोडलं. व्यासपीठावर मावशींना पाच मिनिटं. त्यांना रेशन कार्डाचं बोलायचं होतं. सूत्रसंचालक म्हणाले, “ते नंतर घेऊ, आधी तुमच्या भावना सांगा.” मावशी जरा गोंधळल्या. मग पिशवीतून ती झेरॉक्स काढून समोरच्या दोनशे माणसांना दाखवली आणि विचारलं, “ह्याचं वरिजनल कुठं मिळंल, कुनाला ठावं हाय का?”

टाळ्या पडल्या. सूत्रसंचालक म्हणाले, “पॉवरफुल.”

त्यांनी प्रश्न विचारला होता हो! उत्तर हवं होतं त्यांना. दोनशे माणसं बसली होती. त्यात वकील, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी. एकाने उठून सांगितलं असतं की मावशी, सोमवारी माझ्याबरोबर चला, तर त्या दिवसाचा खर्च वसूल झाला असता. जेवण कूपनवर होतं, कूपन नोंदणी केलेल्यांना. मानधनाला पॅन कार्ड आणि कॅन्सल चेक लागतो. लागणारच.

असो. रागावून चालत नाही, आपण मार्गदर्शन करतोय.

कायद्याचा भाग थोडक्यात आटपावा. 1981 च्या जुलैत, भर पावसात, मुख्यमंत्री अंतुल्यांनी फुटपाथवरच्या लोकांना उचलून शहराबाहेर पाठवायचा हुकूम काढला. प्रकरण पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 1985 च्या जुलैत सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे वाक्य प्रबंधाच्या पहिल्या पानावर छापावं. त्याच निकालात पुढे म्हटलं आहे की फुटपाथ अडवायचा हक्क कोणालाही नाही आणि नोटीस देऊन उठवायला हरकत नाही, फक्त पावसाळा जाऊ द्या. हे शेवटच्या पानावरही छापू नये. आणि 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा आपल्याकडे अजून लागू आहे. पोटापाण्याचं साधन दिसत नसताना, भीक मागून जगत असावा असं वाटेल अशा रीतीने सार्वजनिक जागी हिंडणं त्या कायद्याच्या व्याख्येत बसतं, आणि पहिल्याच खेपेला तीन वर्षांपर्यंत डांबता येतं. म्हणजे उपजीविका हा जगण्याचा हक्क, आणि ती नसली तर गुन्हा. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरती त्यातली बरीच कलमं उडवली. आपण दिल्लीत राहत नाही.

झोपडपट्टी पुनर्वसनाचा उल्लेख करावा, पण कट-ऑफ तारखांवर रेंगाळू नये. घराचा हक्क मिळायचा तर आधी तारीख 1995 ची, मग 2000 ची, आणि 2011 पर्यंतच्यांना पैसे भरून. त्या तारखेआधीपासून तुम्ही त्याच जागी होतात हे कागदाने दाखवायचं. ज्याला वर्षातून चार वेळा उठवलं जातं, त्याने.

आणि शिफारशींत ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ हे लिहायला विसरू नका.

कसली गरज? काय शोधायचं राहिलंय? त्याच 1985 च्या सुमाराला भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायका त्यांच्यात काम करणाऱ्या स्पार्क संस्थेबरोबर स्वतःची गणती करायला उतरल्या होत्या, त्यातूनच महिला मिलन ही त्यांची संघटना उभी राहिली. घर केवढं हवं हे त्यांनी साडी पसरून मोजलं आणि त्या मापाची घरं बांधून लोकांना दाखवली. अभ्यासही त्यांचा आणि अनुभवही त्यांचाच. कोणाला त्यांच्या ‘भावना’ विचाराव्या लागल्या नाहीत. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे शंभर माणसांचा, चोवीस तास उघडा असा एक निवारा हवा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत तर माणशी 50 चौरस फुटांपर्यंत सगळं लिहून ठेवलं होतं. मुंबईची वस्ती 2011 लाच सव्वा कोटीला टेकली होती. म्हणजे सव्वाशे निवारे. त्याच्या जवळपासही आपण नाही. सांगा ना, यात कुठली गोष्ट अकरा पानी प्रश्नावलीशिवाय कळण्यासारखी नव्हती?

तुम्हाला कळत नाही असं नाहीच मुळी. निवारा हवा, हे परिसंवादात सगळे म्हणतात. आमच्या भागात एक बंद पडलेली शाळा आहे, तिथे बायका-मुलांसाठी निवारा करायचा विचार होता. पंधरा दिवसांत आजूबाजूच्या सोसायट्यांचा अर्ज गेला: मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, परिसराचं स्वरूप बदलेल, पार्किंगला जागा उरणार नाही. मुलींच्या सुरक्षिततेचा! ज्या मुली रात्री आईच्या हाताला ओढणी बांधून रस्त्यावर झोपतात, त्या कोणाच्या मुली? अर्जाची प्रत माझ्याकडे आहे. सह्या वाचल्यात मी. त्यातली एक सही ज्या बाईंची आहे, त्या गेल्या महिन्यातल्या त्या हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत बसून मावशींचं ऐकताना डोळे पुसत होत्या.

बाई, रुमाल ठेवा. सही मागे घ्यायचा अर्ज एका पानाचा असतो, मी लिहून देते. वॉर्ड ऑफिसात आवक-जावकच्या खिडकीवर द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही.