आधी ऐकून घ्या, मग पाना काढा

"टेक्निकल माणसाला बोलता आलं नाही तरी चालतं, काम आलं की झालं." हे आपल्याकडे कौतुकानं म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. समोरच्याचं ऐकून घेणं हा कामाचाच भाग आहे, आणि ज्याला ते जमत नाही त्याला काम अर्धंच येतं.

आंजर्ल्याच्या खाडीत एका मेकॅनिकला काम करताना पाहिलंय. ऑगस्टात मासेमारीची बंदी उठलेली, बाकीच्या बोटी बाहेर, आणि ही एकच किनाऱ्याला. मालक संतापलेला. "कालच तुमच्या पोरानं बघितलं, परत इंजिन तापतंय!" दुसरा कुणी असता तर "तुम्हीच नीट वापरत नाही" म्हणून मोकळा झाला असता. या माणसानं त्याला पूर्ण बोलू दिलं, मग विचारलं, "नाखवा, तापतं कधी? खाडीतून निघतानाच, की बाहेर जाळं ओढताना?" नाखवा जरा विचारात पडला. "निघतानाच. ओहोटीला जास्त." निम्मं काम तिथेच झालं. जाळं ओढताना तापत असतं तर बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) काही अडकलंय का, हे आधी बघावं लागलं असतं. उथळ पाण्यात तापतंय म्हटल्यावर त्यानं इंजिन थंड ठेवायला आत ओढल्या जाणाऱ्या समुद्राच्या पाण्याची गाळणी थेट उघडली. चिखल आणि प्लॅस्टिकच्या चिंध्यांनी गच्च भरलेली. ही माहिती कुठल्याही मीटरवर नव्हती, ती चिडलेल्या नाखव्याकडे होती.

टेक्निकल माणसांच्या आपसातही तेच. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरीफ बेटावर विमानतळाच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून 583 माणसं गेली. दाट धुकं, अर्धवट ऐकू आलेले रेडिओ संदेश, अशी कारणं बरीच होती. पण समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना, ही शंका उड्डाणाला निघालेल्या विमानाच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरनं बोलून दाखवली होती. अनुभवी कॅप्टननं ती उडवून लावली. पुढे कनिष्ठानं बोलावं कसं आणि वरिष्ठानं ऐकावं कसं, याचं रीतसर प्रशिक्षण विमान कंपन्यांनी सुरू केलं. आपल्याकडे साइटवर हेल्पर काही सांगायला लागला की "तू गप रे" ठरलेलं!

आणि हे एकतर्फी मागता येणार नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडकडची गावं कित्येक दिवस अंधारात होती. लोकांचा राग खरा होता. आज कुठल्या वाडीचे खांब उभे राहणार, एवढं कुणी येऊन सांगितलं असतं तरी तो निवळला असता. पण भर पावसात खांबावर चढलेल्या वायरमनला खालून शिव्या घालणारेही आपणच. त्याला वरून साहेब झापणार, खालून गाव झापणार, आणि त्यानं मात्र गोड बोलायचं, हे कसं जमावं?

आयटीआयला एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स हा विषय आहे, चांगलंच आहे. पण मुलं त्यात बायोडेटा आणि मुलाखतच लक्षात ठेवतात. माझं म्हणणं, प्रॅक्टिकलला बिघडलेला पंप देता ना, तर त्याच्यासोबत तक्रार घेऊन आलेलं माणूसही बसवा. मुलानं पाना उचलायच्या आधी काय काय विचारलं, त्याचे वेगळे मार्क द्या.