वर्षाला ४० पिल्लं? आधी त्या मादीचं वजन बघा

दिवाळीपासून एक मेसेज माझ्याकडे सात-आठ वेळा आला. शेवटी भाच्यानं पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, करू का सुरू?" मेसेज असा: झेब्रा फिंच या चिमणीपेक्षाही लहान पाळीव पक्ष्याच्या चार जोड्या घ्या, दोन फुटी पिंजऱ्यात ठेवा, राळा आणि पाणी द्या, घरट्यासाठी मडकी वर्षभर लटकवून ठेवा. एका जोडीपासून वर्षाला ४० पिल्लं मिळतात. महिन्यातून एकदा पाण्यात अँटिबायोटिक घातलं की आजार येत नाही. जम बसला की गोल्डियन हे रंगीत फिंच आणा आणि त्यांची अंडी बेंगालीज या दुसऱ्या पाळीव फिंचखाली सरकवा. पैसे कमी असतील तर मुनियांपासून सुरुवात करा, त्याही फिंचच.

माझ्या गच्चीवर सोळा वर्षं फिंच आहेत. हा मेसेज वाचून किती पक्षी हकनाक मरतील ते मला दिसतं, म्हणून एकेक दावा घेऊन लिहितो.

"एका जोडीची ४० पिल्लं." कागदावर हे बसतं. मादी रोज एक याप्रमाणे चार-सहा अंडी घालते, १२ ते १४ दिवस नर-मादी आळीपाळीनं उबवतात, पिल्लं तीनेक आठवड्यांत मडक्याबाहेर येतात. पुढे दोन आठवडे त्यांना भरवावं लागतं, पण तेवढ्यात मादी पुन्हा मडक्यात शिरते. पाच अंड्यांचा एक घाणा धरला तर वर्षात आठ घाणे काढता येतील. हिशोब जोडीचा मांडलाय, अंडी मात्र एकटी मादी घालते. तिचं वजन जेमतेम १४ ग्रॅम आणि एक अंडं साधारण एक ग्रॅमचं. म्हणजे एका घाण्यात ती स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी अंडी बाहेर टाकते, आणि ४० अंडी म्हणजे जवळजवळ तीन माद्यांचं वजन झालं. त्यांच्या कवचाचं कॅल्शियम खाण्यातून पुरेसं मिळालं नाही तर ते तिच्या हाडांतून निघतं.

ती आपणहून थांबेल असं समजू नका. हा पक्षी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला. तिथे पाऊस पडला, गवताला बी धरलं की घरटी बांधायची, दुष्काळ आला की थांबायचं, अशी त्याची रीत. आपण बारा महिने दाणा, पाणी आणि मडकं समोर ठेवलं की तिच्यासाठी दुष्काळ कधी येतच नाही. थांबवायचं काम आपलं.

हे मी एका मादीच्या जिवावर शिकलो. तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एक करडी मादी होती, अंडी कधी वाया न घालवणारी. पाचव्या घाण्याला एके सकाळी ती एव्हिअरीच्या, म्हणजे गच्चीवरच्या मोठ्या पिंजऱ्याच्या फरशीवर कोपऱ्यात फुगून बसलेली दिसली. डोळे अर्धे मिटलेले, शेपटी प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली. हातात घेतली तर उडायचा प्रयत्नही नाही. पोटाखाली अडकलेलं अंडं बोटाला लागत होतं. छोट्या पिंजऱ्यात बल्बच्या उबेत ठेवली, चोचीला कॅल्शियमचे थेंब लावले. दुपारी अंडं पडलं, पण कवच पापुद्र्यासारखं मऊ होतं. ती वाचली आणि मी मडकं तसंच राहू दिलं. पुढच्या घाण्यात रात्रीच गेली. तेव्हापासून तीन घाणे झाले की मडकी उतरवतो, काथ्या गोळा करतो, नर-माद्या वेगळ्या करतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर मडकं लावतच नाही.

"राळा आणि पाणी पुरे." वरची मादी राळ्यावरच होती. दुकानात कांगनी म्हणून मिळतो तो राळा आणि बाजरी हा फिंचचा भात समजा, नुसत्या भातावर बाळंतपण होत नाही. समुद्रफेन, म्हणजे माकुळाचं पांढरं हाड, कायम लटकलेलं हवं. कोकणात कोणी जाणार असेल तर मी किनाऱ्यावरून आणायला सांगतो, दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, उकळून, उन्हात वाळवून मऊ बाजू पक्ष्यांकडे करून बांधतो. वापरलेल्या अंड्यांची टरफलं भाजून कुटून वाटीत ठेवतो. पिल्लं असताना उकडलेलं अंडं किसून, मोड आलेली बाजरी, कोथिंबीर. अंडं दोन-तीन तासांत उचलायचं, आपल्या हवेत ते लगेच नासतं. आणि सकाळचं कोवळं ऊन लागू द्या, नाहीतर पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

"दोन फुटी पिंजऱ्यात चार जोड्या." तेवढ्यात एक जोडीही अवघडते. फिंच आडवा उडतो, त्याला उंचीपेक्षा लांबी लागते. माझी एव्हिअरी आठ फूट लांब, चार फूट रुंद आहे, त्यात सहा जोड्या. मडकी जोड्यांच्या दुप्पट आणि सगळी एकाच उंचीवर, नाहीतर वरच्या मडक्यासाठी मारामारी होते, अंडी फुटतात, नवी पिल्लं खाली फेकली जातात.

"महिन्यातून एकदा अँटिबायोटिक." नको. उन्हाळ्यात पक्षी जास्त पितो, थंडीत कमी, मग मात्रा कशी ठरणार? आजार नसताना दिलेल्या औषधानं आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि खरा आजार येतो तेव्हा तेच औषध लागू पडत नाही. पाणी रोज बदला, भांडं घासा. पक्षी फुगून बसला तर पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.

"गोल्डियनची अंडी बेंगालीजखाली." बेंगालीज माऊलीसारखे खरेच, कोणाचंही पिल्लू वाढवतात. (बंगालशी त्यांचा संबंध नाही. आपल्या सह्याद्रीतही दिसणाऱ्या पांढऱ्या कमरेच्या मुनियेच्या जातीपासून चीन-जपानकडे माणसानं घडवलेला हा पाळीव पक्षी.) पण पिल्लू नुसतं दाणा घेत नाही, आपण कोण हेही शिकतं. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस इमेलमान यांनी झेब्राची पिल्लं बेंगालीजकडे वाढवून पाहिली. मोठे झाल्यावर ते नर बेंगालीज माद्यांपुढेच नाचले. माझ्याकडेही असा एक नर होता. गालावर नारिंगी ठिपका, अंगावर पट्टे, सगळं झेब्राचं, पण पिपाणीसारख्या आवाजाऐवजी बेंगालीजची घरघर. शेजारच्या झेब्रा मादीकडे त्यानं शेवटपर्यंत ढुंकून पाहिलं नाही. आईबाप दगावले तर अंडी जरूर सरकवा. रोजचा धंदा म्हणून केलंत तर काही पिढ्यांनी स्वतःची पिल्लं वाढवणारे गोल्डियन शोधावे लागतील. उत्तर ऑस्ट्रेलियात हाच पक्षी झाडाच्या ढोलीत सगळं स्वतः करतो.

"मुनियाही फिंचच." कुळ एकच, हे बरोबर. पण आपल्या मुनिया रानपाखरं आहेत आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्या पकडणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे. हा व्यापार जुना आहे, इतका की लाल मुनियेचं शास्त्रीय नाव 'अमंडावा' हे अहमदाबादचाच अपभ्रंश. तिथून ती परदेशी जायची. आजही बाजारात मुनिया रंगवून 'इंपोर्टेड' म्हणून खपवतात. अंघोळीचं पाणी हिरवं-पिवळं झालं की समजा. माळवा, अबूकडची हिरवी मुनिया तर या पकडापकडीनं आधीच कमी झाली आहे. परदेशी म्हणून सगळ्याच फिंचना रान मोकळं, असंही नाही. जावा चिमणी साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे याच कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर तिची नोंदणी करावी लागते.

रंगवलेल्या किंवा साध्या मुनिया कुठे विकताना दिसल्या तर दया येऊन विकत घेऊन सोडू नका, रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यात दुसऱ्या दिवशी नव्या पकडून आणतात. वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा आणि ते येईपर्यंत शक्य असेल तर तिथेच थांबा.