‘माणसासारखं लिही’ एवढं सांगून भागत नाही

गेले काही महिने एक मजकूर हातोहात फिरतोय. थोड्याफार फरकानं तो माझ्याकडे पाच-सहा वेळा तरी आला असेल. त्यातला दावा असा, की चॅटबॉटनं लिहिलेलं चटकन ओळखू येतं, पण पाच युक्त्या केल्या की तेच लिखाण कुणा माणसाचं वाटायला लागतं. प्रॉम्प्टच्या, म्हणजे बॉटला दिलेल्या सूचनेच्या, शेवटी ‘माणसासारखं लिही’ असं जोडा. लांब डॅश आणि काही ठरावीक शब्द गाळा. शुद्धलेखनाच्या दोन-चार चुका मुद्दाम राहू द्या. बॉटला आपुलकीनं, वाचणाऱ्याचं कौतुक करत बोलायला सांगा. आणि शेवटी एआय ओळखणाऱ्या एखाद्या साधनात मजकूर टाका. ‘माणसानं लिहिलेलं’ असा निकाल आला की झालं.

बॉटनं लिहिलेलं मराठी तपासणं आणि सुधारणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे हा मजकूर वाचून मला गप्प बसवत नाही. यातल्या एका युक्तीत थोडं तथ्य आहे, एक अर्धवट आहे, आणि उरलेल्या तिन्ही नुकसान करतात.

पाचवी युक्ती आधी घेते, कारण बाकीच्या चारही तिच्याच भरवशावर उभ्या आहेत. लिखाण चांगलं उतरलं की नाही, हे ठरवायचं काम इथे एका यंत्राकडे सोपवलंय. त्या यंत्राचा भरवसा किती? चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनंच जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन आणलं होतं. त्यांच्या स्वतःच्या चाचणीत त्यानं एआयच्या मजकुरांपैकी फक्त २६ टक्के ओळखले, आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरांवर एआयचा शिक्का मारला. ते इंग्रजीसाठीच वापरा, असंही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. जुलै २०२३ मध्ये, अचूकता कमी म्हणून, ते बंद केलं गेलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी त्यांत घातले, तर सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. निबंध माणसांचेच होते. फक्त शब्द साधे होते, वाक्यं सरळ होती, आणि पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज बांधता येत होता. ही साधनं नेमकं तेच मोजतात. पुढे तर संशोधकांनी तेच निबंध चॅटजीपीटीला देऊन त्यांतली शब्दकळा भारदस्त करून घेतली, आणि चुकीचे निकाल कमी झाले. म्हणजे साधं लिहिणारा माणूस अडकला आणि यंत्रानं सजवलेला मजकूर सुटला. या मापावर जो लिखाण घासत बसेल, तो साधेपणापासूनच लांब जाईल. मराठीत तर सहज लिखाण बहुतेक वेळा साधंच असतं.

आता पहिली युक्ती. ‘माणसासारखं लिही’ म्हटल्यावर बॉट काय करतो, ते मी शेकडो वेळा पाहिलंय. तो ‘चला तर मग’नं सुरुवात करतो, मध्येच ‘खरं सांगायचं तर’ टाकतो आणि शेवटी ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारतो. यात माणूस कुठे आहे? माणूस म्हणजे काही एक आवाज नव्हे. चिडलेला माणूस वेगळं लिहितो, घाईतला वेगळं, वीस वर्षं एकच काम केलेला आणखी वेगळं. नुसतं ‘माणसासारखं’ या शब्दात यातलं काहीच नसतं, म्हणून बॉट अनौपचारिकपणाचा सगळ्यात गुळगुळीत नमुना उचलतो.

याचं कारण बॉट घडतो कसा यात आहे. आधी त्याला प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द ओळखायला शिकवतात. मग त्याच्या दोन-दोन उत्तरांतलं बरं कोणतं, हे माणसांकडून ठरवून घेतात आणि त्या पसंतीनुसार त्याला वळण लावतात. अशा निवडीत कुणालाच न खुपणारं, नेटकं, सगळ्या बाजू सांगणारं उत्तर पुढे सरकत जातं. सगळ्यांना चालेल असा तो आवाज असतो, म्हणून तो कुणाचाच नसतो. काहीजण या युक्तीला ‘टेम्परेचर वाढवा’ अशी पुरवणी जोडतात. टेम्परेचर म्हणजे बॉटनं शब्द किती मोकळेपणानं निवडायचे, ते ठरवणारी सेटिंग. त्यानं फक्त कमी शक्यतेचे शब्द जास्त वेळा निवडले जातात. मराठीत तर फार वाढवलं की लिंग-वचनच घसरायला लागतं.

मग काय करायचं? कोण, कुणाला, कशासाठी लिहितंय ते सांगायचं, आणि आपल्या लिखाणाचे दोन-तीन खरे नमुने द्यायचे. समोर ठेवलेल्या थोड्या उदाहरणांवरून ढब उचलणं ही बॉटमागच्या भाषा-मॉडेलांची जुनी ताकद आहे. २०२० मध्ये ओपनएआयच्या जीपीटी-३ या मॉडेलची माहिती देणारा शोधनिबंध याच गुणावर होता. एक उदाहरण जवळून दाखवते. एका बुकिंग सेवेच्या बॉटची उत्तरं माझ्याकडे तपासायला आली होती. ग्राहकानं लिहिलं होतं, ‘पैसे गेले, तिकीट आलं नाही, उद्या सकाळचा प्रवास आहे.’ बॉटचं उत्तर होतं: ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आम्ही समजू शकतो की ही परिस्थिती किती निराशाजनक असू शकते. कृपया खात्री बाळगा की आपली समस्या आमच्यासाठी महत्त्वाची आहे.’ तीन वाक्यं झाली, आणि तिकिटाचा पत्ता नाही. आधी प्रॉम्प्टमध्ये ‘मैत्रीपूर्ण आणि मानवी स्वरात उत्तर दे’ एवढंच होतं. ते काढून आम्ही लिहिलं: वाचणारा घाईत आहे, त्याचा उद्याचा प्रवास होणार की नाही, हे त्याला आधी कळू दे, व्यवहाराची स्थिती सांग, त्यानं आत्ता काय करायचं ते सांग, माफी एकदाच माग. आणि सोबत माणसांनी लिहिलेली चार चांगली उत्तरं जोडली. नवं उत्तर असं आलं: ‘पैसे कापले गेलेत, पण तिकीट निघालेलं नाही. या गाडीत अजून जागा आहेत. उद्या जायचंच असेल तर आत्ताच दुसरं तिकीट काढून ठेवा. आधीचे पैसे तुमच्या खात्यात परत येतील. त्रास झाला, माफ करा.’ ‘माणसासारखं’ हा शब्द प्रॉम्प्टमध्ये कुठेही नव्हता.

दुसरी युक्ती शब्द गाळण्याची. हिच्यात तथ्य आहे, हे मान्य करते. २०१० ते २०२४ या काळातल्या दीड कोटींहून जास्त जैववैद्यकीय शोधनिबंधांचे सारांश संशोधकांनी तपासले, तेव्हा चॅटजीपीटी आल्यानंतर ‘डेल्व्ह’सारख्या इंग्रजी शब्दांचा वापर एकदम उसळलेला दिसला. पण ती यादी इंग्रजीची आहे. मराठी मजकुरातून डॅश काढून काय साधणार? मराठीतला बिघाड वेगळ्याच जागी असतो, आणि शब्द बदलून तो जात नाही, कारण तो वाक्याच्या सांगाड्यात असतो. बॉट शिकवायला वापरल्या जाणाऱ्या कॉमन क्रॉल या वेबवरून गोळा केलेल्या मोठ्या संग्रहात इंग्रजीचा वाटा चाळीस टक्क्यांहून जास्त आहे, आणि मराठीचा एका टक्क्याच्या दहाव्या भागाइतकाही नाही. मग बॉटच्या मराठीखाली इंग्रजीची हाडं लागली तर नवल नाही.

ती कुठे लागतात? ‘ती एक शिक्षिका आहे’ या वाक्यातल्या ‘एक’मध्ये. आपण ‘ती शिक्षिका आहे’ म्हणतो. ‘हे फक्त एक साधन नाही, तर एक प्रवास आहे’ या साच्यात. ‘समितीद्वारे निर्णय घेतला गेला’ यात. खरं तर ‘समितीनं ठरवलं’ एवढं पुरतं. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या गोंधळात तर नेहमीच. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, मराठीत मात्र ऐकणारा आत आहे की बाहेर, हे त्या एका शब्दावर ठरतं. ‘आपण उद्या भेटू’च्या जागी ‘आम्ही उद्या भेटू’ आलं की समोरच्याला दाराबाहेर उभं केल्यासारखं होतं.

काय जास्त आहे यापेक्षा काय नाहीये, तिकडे बघितलं तर आणखी कळतं. आपलं बोलणं बारक्या शब्दांवर चालतं. ‘मी सांगितलं’, ‘मीच सांगितलं’, ‘मी सांगितलंच’, ‘मी सांगितलं तर होतं’, ‘मीही सांगितलं ना’ या पाच वाक्यांत माहिती जवळपास एकच आहे आणि माणसं पाच आहेत. तसंच जोडक्रियापदांचं. ‘पाठवा’, ‘पाठवून द्या’, ‘पाठवून ठेवा’, ‘पाठवून बघा’, ‘पाठवून टाका’: पहिल्यात नुसतं काम आहे, ‘ठेवा’त पुढची सोय, ‘बघा’त शंका, ‘टाका’त एकदाचं मोकळं होणं. बॉटला सूचना दिली नाही तर तो बहुतेक ‘कृपया पाठवा’वरच थांबतो. वाक्यातला क्रमही तसाच. ‘आला होता तो काल’ असं आपण सहज म्हणतो. बॉट कर्ता, कर्म, क्रियापद ही ओळ मोडत नाही. मला बॉटचा मजकूर सुधारायचा असतो तेव्हा मी शब्द गाळत बसत नाही. मी तो मोठ्यानं वाचते, आणि जिथे जीभ अडते तिथलं वाक्य पुसून तीच गोष्ट कुणाला तरी तोंडी सांगितल्यासारखी पुन्हा लिहिते. फिरत्या मजकुरात वाक्यांची लांबी कमी-जास्त करा असंही कुठे कुठे येतं. असं लिहिलं की ती आपोआप कमी-जास्त होते.

तिसरी युक्ती, मुद्दाम चुका करण्याची, मला सगळ्यांत जास्त खुपते. कल्पना जुनी आहे. अ‍ॅलन ट्युरिंग या संगणकशास्त्रज्ञानं, यंत्र माणूस म्हणून खपेल का यावरच्या १९५० च्या आपल्या निबंधात, यंत्राला ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारलेली दाखवलीय. यंत्र सुमारे तीस सेकंद थांबतं आणि १०५६२१ असं उत्तर देतं. खरी बेरीज १०५७२१ आहे. २०१४ मध्ये लंडनच्या एका चाचणीत ‘युजीन गुस्टमन’ नावाच्या बॉटनं एकतृतीयांश परीक्षकांना आपण माणूस आहोत असं पटवलं. तो स्वतःला युक्रेनमधला तेरा वर्षांचा मुलगा म्हणवत होता, म्हणजे इंग्रजी चुकलं, माहिती कमी पडली तरी खपून जावं. या दोन्ही ठिकाणी खेळच ओळख लपवण्याचा होता. पण तुमचं पत्र वाचणारा माणूस परीक्षक नसतो. त्याला काहीतरी समजून घ्यायचं असतं. ‘पाणी’चं ‘पाणि’ केलं तर अर्थ ‘हात’ होतो. ‘दिन’चं ‘दीन’ केलं की दिवसाचा गरीब होतो. जे डोळ्यांनी न वाचता स्क्रीन रीडरवर ऐकतात, त्यांना तर अशी चूक ठेचेसारखी लागते. शिवाय माणसाच्या चुकांना सवय असते. जो ‘आणि’ दीर्घ लिहितो तो बहुतेक सगळीकडे दीर्घच लिहितो. इकडे तिकडे पेरलेल्या चुकांना असं वळण नसतं.

राहिली चौथी, आपुलकीची. माणसं यंत्रात आपुलकी किती पटकन पाहतात, हे १९६६ मध्येच दिसलं. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउमनं एलायझा नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, बाकी त्याला काही कळत नव्हतं. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीनं तो बनताना पाहिला होता. तरी त्याच्याशी थोडं बोलल्यावर तिनं वायझेनबाउमला खोलीबाहेर जायला सांगितलं. ऊब तिच्या बाजूनं आली होती. म्हणूनच खोटी ऊब पेरणं मला अन्यायाचं वाटतं. समोरचा माणूस आधीच विश्वास टाकून बसलेला असतो. कौतुकाचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊनही गेलाय. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-४ओ या मॉडेलच्या एका सुधारणेनंतर बॉट कशालाही वा-वा म्हणायला लागला, आणि ओपनएआयला ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. ‘मलाही असाच अनुभव आलाय’ हे वाक्य बॉटच्या तोंडी घालणं तर सरळ खोटं बोलणं आहे. मराठीत हा मुखवटा लवकर निसटतोही. एका उत्तरात ‘मी मदत करू शकतो’ येतं, दुसऱ्यात ‘मी तपासून पाहते’, कारण आपलं क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतं. तिथे ‘काय मदत हवी?’ एवढं पुरेसं असतं. त्यात अदबही आहे आणि सोंग नाही.

आपुलकी कशी दिसते, ते मला एका निरोपानं शिकवलं. मैत्रिणीचे वडील गेले. दिवसभर मला शब्द सुचेनात, म्हणून बॉटकडून लिहून घेतलं. ‘या कठीण प्रसंगी माझ्या सहवेदना तुझ्यासोबत आहेत. त्यांच्या आठवणी तुला सदैव बळ देत राहोत.’ व्याकरण बिनचूक, सूर मऊ. पण काका त्यात नव्हते, ती नव्हती, मीही नव्हते. पाचही युक्त्या त्यावर केल्या असत्या तरी आम्ही तिघं त्यात आलो नसतो, कारण आमच्याबद्दलचं काहीच बॉटला ठाऊक नव्हतं. मी ते पुसलं आणि लिहिलं: ‘सायकलचं पंक्चर काढायला मला काकांनीच शिकवलं होतं. हात काळे झाले म्हणून मी रडले, तर ते म्हणाले, निघतं ते. रविवारी येते. कागदपत्रांचं काही असेल तर काढून ठेव, दोघी बसून करून टाकू.’

रात्री उशिरा तिचं उत्तर आलं. ‘तो पंक्चरचा डबा अजून आहे घरात. आलीस की दाखवते.’