आयन वाऱ्याचा पंखा: ‘पोरांचा उत्साह मारू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया रागात लिहिलेली असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार. मूळ लेख न वाचता इथवर आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. बारीक तारेला हजारो व्होल्ट दिले की तिच्याजवळची हवा विद्युतभारित होते, समोरच्या जाळीकडे ओढली जाते आणि वाटेत बाकीची हवाही ढकलते; फिरती पाती नसलेला हा आयन वाऱ्याचा पंखा. घरच्या पीसीला तो बसवायच्या भानगडीत पडू नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: हा पंखा आवाज करत नाही, इंटेलच्या पैशाने अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात हे कधीच सिद्ध झालंय, एमआयटीने तर याच वाऱ्यावर विमान उडवलं, सात हजार व्होल्टचं मॉड्यूल किरकोळ पैशांत मिळतं, करंट मायक्रोअँपिअरमध्ये असतो तेव्हा कोणी मरत नाही, आणि ‘पुस्तकी शंका काढून पोरांचा उत्साह मारू नका’. शेवटी सर्किट मागितलंय.

विमानाचं आधी उरकतो. २०१८ साली एमआयटीचं ते विमान खरंच उडालं. वजन अडीच किलोच्या आत, पंखांचा पसारा पाच मीटर, ४० हजार व्होल्ट, आणि बंदिस्त हॉलमध्ये साठेक मीटरची झेप. मलाही त्याचं भारी कौतुक आहे. पण विमानाला मोकळी हवा मागे ढकलायची असते. आपल्याला ती हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, दाट पात्यांमधून पलीकडे काढायचीय. सगळी गोम तिथे आहे.

हिशेब करू या. १०० वॅट उष्णता बाहेर काढायची आणि हवा १५ अंशांनी तापू द्यायची, तर सेकंदाला साडेपाच लिटर हवा पुरते. १२० मिलिमीटरच्या चौकोनी तोंडातून एवढी हवा जायला सेकंदाला अर्धा मीटर वेगही लागत नाही. बारीक तारेपुढे जाळी धरली की आयन वारा सेकंदाला एक-दोन मीटर देतो. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे, आणि अशा पंख्यांच्या व्हिडिओत मेणबत्ती विझते ती याच जोरावर.

आता दाब बघा. तार आणि जाळी यांच्यात एक सेंटिमीटर अंतर, वर सात हजार व्होल्ट. एकही आयन वाया गेला नाही असं धरलं तरी या मांडणीतून जास्तीत जास्त पाच पास्कलच्या आसपास दाब मिळतो, म्हणजे अर्धा मिलिमीटर उंच पाण्याइतका. प्रत्यक्षात त्याहूनही कमी. बाजारातला बरा १२० मिमीचा पंखा पूर्ण वेगात दीड-दोन मिलिमीटर सहज देतो. दाब वाढवायचा तर व्होल्टेज चढवा किंवा अंतर कमी करा, कारण दाब या दोहोंच्या गुणोत्तराच्या वर्गावर ठरतो. दोन्ही वाटा ठिणगीपाशी जाऊन थांबतात.

आणि मूळ लेखात मी ज्याच्यावर थोडक्यात भागवलं, ते इथे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या सगळ्या युक्तिवादाचा पाया ‘आवाज’ हा आहे. साध्या पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा दाब चौथाई होतो. म्हणजे तो जवळपास आयन पंख्याच्या कमाल दाबावर येऊन बसतो. त्याला लागणारी वीज आठव्या हिश्श्यावर येते. आणि आवाज? ढोबळ मानाने १५ डेसिबलने खाली. दीड हजार फेऱ्यांचा पंखा साडेसातशेवर आणा, मध्यरात्री कॅबिनेटला कान लावून बसावं लागेल. तुलना करायची तर आयन पंख्याची या पंख्याशी करा. फुल स्पीडला घोंघावणाऱ्या पंख्याशेजारी ठेवलं तर काहीही शांतच वाटणार. त्यात सात हजार व्होल्टवर अर्धा मिलिअँपिअर ओढला की साडेतीन वॅट गेले. साधा पंखा पूर्ण वेगातही एक-दोन वॅटमध्ये भागवतो.

पर्ड्यूच्या प्रयोगाबद्दल. २००७ सालचा तो शोधनिबंध नीट वाचा. पैसा इंटेलचा होता हे खरं, उष्णता वाहून नेण्याचा गुणांक २५० टक्क्यांनी सुधारला हेही खरं. पण तिथे आयन वारा पंख्याच्या जागी नव्हता, वाहत्या हवेला जोड म्हणून होता. तापलेल्या पृष्ठभागाला चिकटलेला हवेचा पातळ थर जवळजवळ हलतच नाही, पंखा कितीही जोरात लावला तरी. आयन तो थर ढवळतात. फार सुंदर कल्पना आहे. ‘पंखा काढून टाका’ असं मात्र त्यात कुठे म्हटलेलं नाही.

बरं, पंखा चालला असं समजू. तो पुढेही चालायला हवा ना! तार आणि जाळी हे दुसरंतिसरं काही नसून धूळ पकडायचं यंत्र आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या धुरातली राख याच तत्त्वावर पकडतात, आणि तिथे पट्ट्यांवर बसलेली राख ठोकून ठोकून पाडावी लागते. तुमच्या कॅबिनेटमध्ये कोण ठोकणार? धुळीपेक्षा छळते ती चिप आणि हीटसिंक यांच्यात लावायची थर्मल पेस्ट. तिच्यातल्या सिलिकॉन तेलाची वाफ अगदी थोडी असते, पण चालू तारेभोवती दिसणाऱ्या जांभळ्या उजेडात ती फुटते आणि तारेवर सिलिका म्हणून बसते. माझ्याकडची चालवलेली टंगस्टनची तार भिंगाखाली धरली तर तिच्यावर पांढरी लव उगवलेली दिसते, काही ठिकाणी फांद्या फुटल्यासारखी. बोट लावलं की झडते. ती लव वाढली की वारा पडतो, तार चरचरायला लागते, आणि मग अधूनमधून ‘टच्च’ असा आवाज येतो. झाला तुमचा निःशब्द पंखा! पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत हे आणखी लवकर होतं, कारण दमट हवेत प्लास्टिकच्या आधारांवरून करंट गळतो.

‘कोणी मरत नाही’ या वाक्यावर मात्र मी भांडणार आहे. नुसत्या छोट्या मॉड्यूलने माणूस मरणार नाही, मान्य. पण जुन्या टीव्हीचा फ्लायबॅक (पडद्यासाठी हजारो व्होल्ट बनवणारा ट्रान्सफॉर्मर) लावून वर गुणक (कपॅसिटर आणि डायोड जोडून व्होल्टेज आणखी चढवणारं सर्किट) जोडला की हिशेब बदलतो. आणि माणसाचं सोडा, मदरबोर्डचं काय? अशा गुणकातला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर सात हजार व्होल्टला भरला की त्यात पाव ज्यूल ऊर्जा बसते. चिप तपासताना माणसाच्या बोटातून उडणाऱ्या ठिणगीची नक्कल करतात, तेव्हा १०० पिकोफॅरड दोन हजार व्होल्टला भरून सोडतात. तुमच्या कपॅसिटरमध्ये त्याच्या हजारपटीहून जास्त ऊर्जा आहे. पीसीच्या आत ती एकदा चुकीच्या जागी उडाली की ग्राफिक्स कार्ड गेलं.

आयन वाऱ्याबरोबर तयार होणाऱ्या ओझोन या घातक वायूबद्दल तुम्ही एक अक्षर काढलं नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध प्रशासनाने) बंद जागेतल्या वैद्यकीय उपकरणांसाठी घातलेली मर्यादा दहा लाख भागांत ०.०५ भाग इतकी कमी आहे. स्वस्तातली ती ‘अ‍ॅनायन’ मॉड्यूल्स बहुतेक ऋण टोकाची असतात, आणि ऋण टोकाशी धन टोकाच्या मानाने कितीतरी जास्त ओझोन होतो. एसीची खोली, खिडक्या बंद, पीसी दिवसभर चालू. वास आला तर कळेल म्हणाल, तर नाक थोड्या वेळात सरावतं. याच तत्त्वावरचं ‘आयॉनिक ब्रीझ’ नावाचं हवा शुद्ध करायचं यंत्र अमेरिकेत धो धो खपलं होतं. ते नीट काम करत नाही असं लिहिणाऱ्या ग्राहक संस्थेवर कंपनीने खटला भरला, तो २००४ मध्ये कोर्टाने फेटाळला. पुढे ओझोनवरूनही त्याच्यावर टीका झाली.

मग हे तंत्र टाकाऊ आहे का? मुळीच नाही. जिथे पंखाच मावत नाही तिथे त्याला तोड नाही. टेसेरा या कंपनीने ते लॅपटॉपमध्ये बसवून दाखवलं होतं, आता व्हेंटिव्हा ही कंपनी पातळ लॅपटॉपसाठी त्याच्याच मागे आहे. काही मिलिमीटर उंचीत फिरती पाती बसवली तर ती केविलवाणी किंचाळते, तिथे आयन वाऱ्याशी स्पर्धा करणारं फारसं कोणी नाही. तुमच्या टेबलाखालच्या टॉवरमध्ये मात्र जागाच जागा आहे. मोठा हीटसिंक घ्या, बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) पंख्याच्या वेगाचा आलेख खाली ओढा.

राहिलं सर्किट. फ्लायबॅकचं देणार नाही. पण उत्साह मारायचा नाही म्हणता, तर टेबलावर करून बघण्याजोगं सांगतो. धन आउटपुटचं, करंट मर्यादित असलेलं तयार मॉड्यूल घ्या. तारेकडे जाताना ओळीत १० मेगाओमचा हाय-व्होल्टेज जातीचा रेझिस्टर टाका, पाव वॅटचा साधा नको, त्याच्या अंगावरून ठिणगी उडी मारून जाळ काढेल. जाळी अर्थिंगला जोडा. पीसीऐवजी जुन्या हीटसिंकवर १० ओमचा वायरवाउंड रेझिस्टर आवळून त्याला १२ व्होल्ट द्या, म्हणजे साधारण १४ वॅट उष्णता मिळते. खिडकी उघडी ठेवा. आधी आयन वाऱ्याखाली तापमान स्थिर होऊ द्या, मग त्याच जागी अर्ध्या वेगावरचा १२० मिमीचा पंखा लावून पुन्हा मोजा. मल्टिमीटरची तापमानाची तार मोजताना हाय-व्होल्टेज बंद करा, नाहीतर मीटर जाईल. आकडे आले की इथेच टाका, खोलीचं तापमान आणि तार-जाळीतलं अंतर सोबत लिहा.