निळा दिवा लागला म्हणजे सेल भरला?

इलेक्ट्रॉनिक्सची खटपट करणाऱ्यांच्या ग्रुपांवर टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूलबद्दल (लिथियम सेल चार्ज करणारी छोटी पाटी; चार्जिंग चालू असताना तिच्यावर लाल दिवा लागतो) एक मेसेज फिरतोय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: निळा दिवा म्हणजे बॅटरी शंभर टक्के, दोन्ही दिवे बंद म्हणजे मॉड्यूल जळालं, निळ्यासोबत लाल लुकलुकला तर आयसी (मॉड्यूलवरची मुख्य चिप) खराब, आणि चार्जिंग चालू असताना लाल दिव्याच्या पिनवर ५ व्होल्ट येतात, त्यावर थेट रिले (विजेनं चालणारा स्विच) चालवा. पहिली तीन वाक्यं वाचून मी गप्प बसलो असतो, चौथं वाचून राहवलं नाही.

आधी निळा (काही मॉड्यूलवर हिरवा). आयसीला सेलची क्षमता कळत नाही. ती सेलचा व्होल्टेज ४.२ पर्यंत नेते आणि तिथेच धरून ठेवते. मग करंट उतरत जातो. ठरवलेल्या करंटच्या दहाव्या हिश्श्यावर आला की चार्जिंग थांबवून ती निळा लावते. माझ्या टेबलावर जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला एक सेल आहे, त्यावर २२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे क्षमता) छापलंय. पूर्ण उतरवून लावला, तर चाळिसाव्या मिनिटाला निळा! मॉड्यूल जास्तीत जास्त १ अँपिअर देतं, म्हणजे आत गेले फार तर ६७० एमएएच. छापलेल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. दिव्यानं फसवलं नाही, जेवढं मावलं तेवढं भरलं. अशा वेळी दिव्यापेक्षा घड्याळ जास्त सांगतं.

याची उलटी बाजूही आहे. चार्जिंग चालू असताना सेलवर शंभर मिलिअँपिअरहून जास्त लोड ठेवलात, तर करंट त्या दहाव्या हिश्श्याखाली येतच नाही आणि लाल दिवा रात्रभर तसाच राहतो. सेल कधीचाच भरलेला असतो, आणि आपण मॉड्यूलला शिव्या घालतो.

लाल दिवाही ‘सगळं ठीक’ असं सांगत नाही. २०० एमएएचचा चिमुकला सेल या मॉड्यूलला लावा, त्यातही १ अँपिअर जाऊ पाहील, म्हणजे क्षमतेच्या पाचपट. दिवा मात्र तितक्याच शांतपणे लाल! करंट ठरतो तो प्रोग पिनवरच्या १.२ किलोओहमच्या रेझिस्टरवरून. त्या जागी १० किलोओहमचा लावला की करंट साधारण १३० मिलिअँपिअरवर येतो.

दोन्ही दिवे बंद? आधी केबल बदलून बघा. टेंप पिनला थर्मिस्टर (तापमान ओळखणारा रेझिस्टर) जोडला असेल तर सेल फार तापल्यावर किंवा फार गारठल्यावर आयसी मुद्दामच चार्जिंग थांबवते, तेव्हाही दोन्ही दिवे विझतात. बाजारातल्या बहुतेक तयार मॉड्यूलवर ही पिन ग्राउंडला टाकलेली असते, म्हणजे तापमानाची राखण बंदच. जळाल्याची शंका शेवटी घ्यावी.

निळा स्थिर आणि लाल लुकलुकतोय, हे तर डेटाशीटमध्येच (आयसी बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकातच) आहे: आउटपुटला कपॅसिटर आहे, पण बॅटरी नाही. सेल बसवलेला असूनही असं दिसलं, तर होल्डरची स्प्रिंग नीट टेकतेय का ते पाहा.

आता रिले. दिव्यांच्या दोन्ही पिना ओपन ड्रेन आहेत. त्या स्वतः व्होल्टेज देत नाहीत, फक्त ग्राउंडकडे खेचतात किंवा सोडून देतात. चार्जिंग चालू असताना लालच्या पिनवर जवळजवळ शून्य व्होल्ट असतात, म्हणजे मेसेजच्या नेमकं उलट. शिवाय डेटाशीटमध्ये पिनवरचा हा व्होल्टेज ५ मिलिअँपिअर करंट धरून दिलेला आहे. साध्या ५ व्होल्टच्या रिलेची कॉइल सत्तरेक मिलिअँपिअर खाते. मध्ये पीएनपी ट्रान्झिस्टर घाला: एमिटर ५ व्होल्टला, बेस २.२ किलोओहममधून पिनला, कॉइल कलेक्टर आणि ग्राउंडमध्ये, आणि कॉइलवर उलटा डायोड विसरू नका. ईएसपी३२ ला (हा एक छोटा प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर) जोडायचं असेल तर मॉड्यूलवरचा तो दिवा काढा, पिन १० किलोओहमनं ३.३ व्होल्टला बांधा आणि कोडमध्ये ‘लो म्हणजे चार्जिंग’ असं वाचा.

आणि कंट्रोलरकडून चार्जिंग खरोखर चालू-बंद करायचं असेल, तर या दोन पिनांचा उपयोगच नाही. त्यासाठी ८ नंबरची सीई पिन आहे. मॉड्यूलवर ती थेट सप्लायला जोडलेली असते, त्यामुळे बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्ननं पाय उचलावा लागतो, आणि पहिल्या खेपेला तो बहुधा तुटतो.