एम.एस्सी. झाले, पण बेड नंबर चारच

तुमच्या एम.एस्सी. नर्सिंगवरच्या लेखात शाखा छान सांगितल्यात, पण आम्हा जीएनएमवाल्यांची, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांची, वाट राहूनच गेली. आम्हाला थेट प्रवेश नाही. आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची (डिप्लोमानंतरच्या पदवीची) दोन वर्षं, मग एम.एस्सी.ची दोन. तेवढे दिवस घर कोण चालवणार? (माझं सासूबाईंच्या पेन्शनवर चाललं.) मेडिकल-सर्जिकल शाखेतून एम.एस्सी. करून परतले, तर तेच आयसीयू, तोच बेड नंबर चार, पगारात फरक शून्य. मेट्रन (आमच्या मुख्य परिचारिका) म्हणाल्या, "कॉलेजात शिकवायला जा की!" अहो, अलार्म वाजला की पेशंटकडे आधी बघायचं, मग व्हेंटिलेटरकडे, हे ज्या बाईच्या अंगात मुरलंय तिला फळ्यापाशी का धाडायचं? क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स (पेशंटपाशी काम करत शिकायचा) आहे, त्यात तरी पेशंटची साथ सुटत नाही. त्यावरही लिहा ना.