तुमचं यंत्र आमचे खोटे पार्टोग्राफ शिकेल, भाऊ

भाऊ,

लेबर रूममध्ये पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपणाचा आलेख, टॅबवर भरायला लावणाऱ्या नव्या ॲपवर मी लेख लिहिला होता, यंत्रापेक्षा सिस्टरचा हात बरा अशा सुरात. त्याखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. लगेच उत्तर देणार होते, पण घरात लोणच्याच्या कैऱ्या येऊन पडल्या होत्या. आणि रागात लिहिलेलं नंतर माझं मलाच वाचवत नाही. म्हणून चार दिवस गेले.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. हे भाऊ मूळचे शिरपूरकडचे, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. त्यांचं म्हणणं असं, की माझ्यासारख्या जुन्या सिस्टर मशीनला घाबरतात आणि त्या भीतीला ‘मायेचा हात’ असं गोंडस नाव देतात. पहाटे तीनला पेंगणाऱ्या नर्सपेक्षा एआय बाळाच्या ठोक्यांचा आलेख कधीही चांगला वाचेल. आणि जाता जाता एक टोला: फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा घेऊन अजून किती वर्षं फिरणार?

आधी दिव्याचं बघू. बाईंचा दिवा सगळ्यांना माहीत, वही कुणाला माहीत नाही. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांनी कमी आणि टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त मेले, हे तिने १८५८ मध्ये रंगीत आकृत्या काढून दाखवलं. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सभासद करून घेतलं, तिथली ती पहिली बाई. तेव्हा आकडे आमच्या पेशात तुम्ही यायच्या आधीपासून आहेत.

आता तुमचं जिथे बरोबर आहे ते. हाताचं कौतुक मी जरा जास्तच केलं. उपकेंद्रावर होते तेव्हा गरोदर बाईची खालची पापणी ओढायची, आतला रंग बघायचा आणि रजिस्टरला ‘बरी आहे’ लिहायचं, ही आमची तपासणी. अशीच ‘बरी आहे’ लिहिलेली एक पोर दुसऱ्या आठवड्यात तालुक्याला गेली, तिचं हिमोग्लोबिन ६ भरलं. आमच्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, तोही पापणीत दिसत नाही. पुढे बोटातल्या एका थेंबावर आकडा दाखवणारं डिजिटल मीटर आलं आणि माझ्या बोटांची घमेंड उतरली. हे त्या लेखात यायला हवं होतं, आलं नाही.

आणखी एक राहिलं. धडगाव-अक्कलकुव्याकडची बाई दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गुजरातेत उतरते. तिचं माता-बाल कार्ड गावच्या पत्र्याच्या पेटीत. बारडोलीकडे तिला कळा लागल्या, तर तिथल्या सिस्टरला काय ठाऊक, पहिलं बाळंतपण सिझरचं होतं का, रक्तगट कोणता, सिकल आहे का? हे सगळं तिच्या गरोदरपणाच्या सरकारी नोंदीच्या आरसीएच नंबरावर किंवा आरोग्याच्या आभा नंबरावर तिथे उघडलं, तर एवढ्या एका गोष्टीसाठी मी सगळ्या टॅबचे शंभर अपराध पोटात घालीन.

एआयचंही चांगलं उदाहरण मला ठाऊक आहे, तुम्ही दिलं नाहीत म्हणून मीच देते. मुंबईची ‘आरमान’ संस्था गरोदर बायकांना दर आठवड्याला फोनवर सल्ला ऐकवते. बऱ्याच बाया हळूहळू ऐकणं सोडतात. सगळ्यांना उलटा फोन करायला माणसं नाहीत. मग गूगलच्या संशोधकांबरोबर त्यांनी एक पद्धत बसवली: या आठवड्यात नेमक्या कुणाला फोन केला तर ती टिकेल, ते संगणक सांगतो आणि फोन माणूस करतो. सुमारे २३,००० बायकांवर ते करून बघितलं, गळती ३० टक्क्यांच्या आसपास कमी झाली. यात यंत्राने कुणाच्या पोटाला हात लावला नाही, फक्त थोड्या माणसांचा वेळ कुठे खर्चायचा ते सांगितलं. असं असेल तर माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती पार्टोग्राफची. लेखात ती मी आडून आडून लिहिली, म्हणून तुम्ही तिला भीती समजलात. आज सरळ लिहिते.

पार्टोग्राफ म्हणजे कळांचा आलेख. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आताच्या झिंबाब्वेत, त्याच्यावर दोन रेषा आखल्या. पिशवीचं तोंड तासाला १ सेंटीमीटर उघडायला हवं, ही पहिली, सावध करणारी. तिच्या उजवीकडे ४ तासांवर दुसरी, आता काहीतरी कराच म्हणणारी. मधले ४ तास कशासाठी? खेड्यातल्या दवाखान्यातून बाईला मोठ्या दवाखान्यात न्यायला. रस्त्याचा वेळ धरून काढलेला आलेख आहे तो. सातपुड्यात नोकरी केलेल्या कुठल्याही सिस्टरला हे न शिकवता पटतं.

आता तो भरायचा कसा? दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके आणि १० मिनिटांतल्या कळा, ४ तासांनी आतून तपासणी, शिवाय नाडी, बीपी, पाण्याचा रंग. एका बाईपाशी एक सिस्टर बसली तर होतं. आमच्याकडे रात्री तीन टेबलं आणि मी एकटी. एकीचं डोकं दिसतंय, दुसरी उलट्या करतेय, तिसरीची सासू बाहेरून दार वाजवतेय. हातात मोजे, मोजे रक्ताने भरलेले. पेन कुठल्या हाताने धरायचा?

मग काय करतात ते सांगते, आणि हे मी स्वतः केलंय. बाळ झालं, वार पडली, टाके झाले, चहा आला की पार्टोग्राफ भरायचा. उलटा. शेवट माहीत असतोच. बाळ ४ वाजून १० मिनिटांनी, म्हणजे तोंड ४ला पूर्ण १० सेंटीमीटर, म्हणजे ३ला ९, २ला ८. पट्टी लावून रेघ. ठोके १४०, १३८, १४२, दोनचार आकडे इकडेतिकडे केलेले, खरे वाटावेत म्हणून. तपासणीला आलेले साहेब अशा कागदावर खूश असत. मी एकटीच अशी नव्हते, पण मी होते हे आधी कबूल करते.

गंमत बघा. सगळ्या बायकांचं तोंड असं तासाला १ सेंटीमीटरने उघडत नाही, हे कळल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नव्या तक्त्यातून ती सरळ रेषाच काढून टाकली. आणि आमच्या गठ्ठ्यांमध्ये मात्र हजारो बायका त्या रेषेवरून शाळेच्या प्रार्थनेसारख्या रांगेत चालल्यात.

भाऊ, तुमचं यंत्र शिकणार कशावरून? याच गठ्ठ्यांवरून ना? कागद गेला आणि टॅब आला, म्हणून पहाटेचे हात दोनाचे चार झाले नाहीत. चहा पिता पिता पट्टीने रेघ मारत होते, आता बोटाने मारतात. जिची प्रसूती अडली, जिला झोळीतून खाली आणताना उशीर झाला, तिचा आलेख तर बहुतेक कोराच, कारण त्या वेळी कुणाला लिहायची फुरसत नव्हती. म्हणजे यंत्राने जे शिकायला हवं नेमकं तेच आम्ही लिहिलेलं नाही. आणि एकदा यंत्राने ‘सर्व ठीक’ म्हटलं, की नव्या पोरीची काय टाप आहे ‘मला ठीक वाटत नाही’ म्हणायची?

तुमची पेंगणारी नर्स उरली. ठोके वाचणाऱ्या संगणकाची परीक्षा झालेली आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ४६,००० हून जास्त बायकांवर, निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात. निम्म्यांच्या मशीनला इशारा देणारं सॉफ्टवेअर जोडलं, निम्म्यांच्या नाही. बाळांच्या तब्येतीत काहीच फरक पडला नाही. तिथे तर दर बाईला मिडवाइफ आणि ऑपरेशन थिएटर जवळ. इकडे इशारा वाजला तर पुढे कोण? डॉक्टर क्वार्टरवर, १०८ दुसरी केस घेऊन गेलेली, भूलतज्ज्ञ जिल्ह्याला, आणि जिल्हा घाट उतरून. सॉफ्टवेअर वाईट असतं असं मी म्हणत नाही. इशारा वाजल्यावर धावायला कुणी नसेल, तर तो नुसताच वाजतो, आणि वाजवाजून कानाला सवय होते. आयसीयूतल्या कुठल्याही सिस्टरला विचारा.

भाषेचं एक सांगते आणि हसून घ्या. भाचीने माझ्या फोनवर बोललेलं लिहून देणारं काहीतरी टाकून दिलं. म्हटलं, बघू. बाळंतपणाच्या आधी झटक्यांची खूण असते ना, तेच अहिराणीत बोलले: “सिस्टर, डोयासमोर अंधारी येस.” स्क्रीनवर उमटलं: ‘सिस्टर, दोघांसमोर अंधेरी वेस्ट.’ भाची लोळून हसली. मीही हसले. नंतर डोक्यात आलं, ही अहिराणी होती, मराठीच्या शेजारची. पावरा आदिवासींची पावरी बोलणारी बाई तोरणमाळहून आली तर तिला हे यंत्र कुठल्या लोकलमध्ये बसवेल?

आता काम. तुम्ही अशी ॲप बनवणाऱ्यांत उठता-बसता म्हणून सांगते, एवढं जमवा. नेटवर्क नसताना चालायला हवं, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मोज्यांसकट दाबता येतील एवढी मोठी बटणं हवीत. एक गोष्ट टॅबवर भरली की तीच पुन्हा रजिस्टरला उतरवायला लावू नका. ठोके मोजणारं डॉप्लर आकडा आपणहून टॅबला पाठवू शकत असेल तर पाठवू द्या, माझा हात तेवढा मोकळा होईल.

आणि एक बटण जास्तीचं द्या. ते दाबलं म्हणून नोटीस येणार नाही, पगार अडणार नाही, हे वरच्यांकडून आधी लिहून घ्या. मग कुठल्या दवाखान्यात, कुठल्या पाळीला ते किती वेळा दाबलं गेलं, ते तुमच्या एआयला मोजू द्या. कुठे माणसं कमी आहेत ते त्याला आमच्यापेक्षा आधी कळेल. बटणावर काय लिहायचं तेही सांगते: ‘बाळ झाल्यावर भरलं.’